वर्गात बसू देणं

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळा दहाएक वर्षांपूर्वी राज्यभर गाजल्या. फरशीवर रंगवलेली अक्षरं, अंक, आणि त्यात रमून आपापलं शिकणारी मुलं. हे पाहायला जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक आले. परत जाऊन अनेकांनी आपल्याही शाळेतल्या फरश्या रंगवल्या.

मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. तिथल्या शिक्षकांनी दुसऱ्या शिक्षकांना आपल्या चालू वर्गात बसू दिलं. हे सोपं नाही. मागे कुणी वही घेऊन बसलं, की आपल्याकडे ती तपासणीच वाटते आणि मग ठेवणीतला पाठ बाहेर निघतो.

आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेतही एखाद्या बाईंना असंच मोकळेपणी म्हणता यावं, “हातच्याची वजाबाकी माझ्या मुलांना जमत नाहीये, तुम्ही कशी घेता?” त्यावर कुणी हसू नये. शेजारच्या गावच्या गुरुजींनी उठून दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा. बाईंचा हा प्रश्न गोपनीय अहवालात उतरणार नाही, एवढा शब्द मुख्याध्यापकांनी द्यावा. पुढच्या परिषदेचा पहिला तास एवढ्यासाठीच राखून ठेवावा; माहितीचे तक्ते नंतरही भरता येतील.