स्वभाव, दारू आणि पाचवे शील



आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली. घरातले देव्हारे गेले. पण जुने बोल अजून गेले नाहीत. हेदवीची बौद्धवाडी घ्या, नाहीतर मुंबईची चाळ घ्या. विशीतला मुलगा दारू पिऊ लागला की दोन वाक्ये हमखास कानी येतात. एक, "त्याचा स्वभावच तसा, नशीब आपले!" दुसरे, "लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल."

पहिले वाक्य तपासा. सर्व संस्कार अनित्य आहेत, ही तथागतांची शिकवण. मग स्वभाव तेवढा नित्य कसा? अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी ४८९ विद्यार्थ्यांची वयाच्या १८ पासून ३५ पर्यंत वेळोवेळी पाहणी केली व २००९ साली निष्कर्ष छापले. ज्यांचा उतावळेपणा आणि मनाची अस्वस्थता अधिक घटली, त्यांचा दारूचा त्रासही अधिक घटला. कारण कोणते नि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. पण स्वभाव बदलतो, हे नक्की.

आता दुसरे वाक्य. लग्न आणि मुलेबाळे यांचा हिशेब बाजूला काढला तरी हा संबंध उरलाच. तेव्हा लग्नाला औषध समजू नका. परक्याच्या लेकीचा संसार आपल्या मुलाच्या व्यसनावर पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पाचवे शील दारूला प्रमादाचे स्थान म्हणते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. उतावळेपणाचा तो सख्खा भाऊ. सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: धननाश, कलह, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

मग करावे काय? मुलगा शुद्धीवर असताना शांतपणे बोला. सायंकाळी वंदनेला शेजारी बसवा. श्वासावर लक्ष ठेवून राग आवरण्याची सवय लावा. चाकरमानी पोरगा गावी आला की त्याच्या हाती ग्लास देणारे आपलेच काका-मामा असतात. त्यांनी आधी शील पाळावे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे.

आणि सोयरीक जुळवताना मुलीकडच्यांना खरे ते सांगा. खोटे न बोलण्याचे चौथे शीलही आपण घेतलेलेच आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!