पडद्याकडे पाठ करून

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं रस्त्यावरचं गाव. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज जवळ आला आणि नागपूर-मुंबई ही दोन्ही टोकं गावाच्या बोलण्यात रोजची झाली. सिनेमाचं अंतर त्याआधीच तुटलं होतं. कॅमेरा खिशात आला, संकलन मोबाइलवर व्हायला लागलं आणि एखाद्या पोरानं काकाच्या शेतात, मित्रांना नट करून बारा मिनिटांचा लघुपट बनवावा, यात नवल उरलं नाही. नवल पुढच्या टप्प्यावर आहे. लघुपट तयार होतो, आठ-दहा जण रात्री एका घरी जमतात, लॅपटॉप उघडतो. नावं वर सरकून गेली की दिग्दर्शक विचारतो, "कसा वाटला?"

"मस्त हाये!"

एखादा जरा जास्त जवळचा मित्र असेल तर म्हणतो, "म्युझिक वाढव जरा." बैठक संपते. दोन-चार महिने खपून केलेल्या कामाची परीक्षा दोन मिनिटांत आटोपते आणि दिग्दर्शकाच्या हाती काहीही लागत नाही.

यात कुणी खोटं बोललेलं नसतं. आठ जणांपैकी तिघं पडद्यावर असतात, एकानं मोटरसायकल दिलेली असते, एकाच्या घरी युनिटचा स्वयंपाक झालेला असतो. ते उत्तर देतात ते पोराला, लघुपटाला नव्हे. उद्या सकाळी चहाच्या टपरीवर हीच तोंडं पुन्हा समोर यायची असतात. गावात राहून गावातल्या माणसाच्या कामाबद्दल खरं बोलणं ही जोखमीची गोष्ट आहे आणि ती लोक विनाकारण पत्करत नाहीत. शहरात हाच प्रकार जरा सफाईदार भाषेत होतो, इतकाच फरक.

मोठ्या सिनेमाला मध्यंतराचा आधार असतो. लोक बाहेर येतात, वडापाव खाता खाता बोलतात, आणि कान उघडे ठेवणाऱ्याला पहिल्या अर्ध्याचा निकाल तिथेच कळतो. लघुपटाला मध्यंतर नाही. ऑस्करच्या नियमात लघुपटाची मर्यादा श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांची आहे. आपल्याकडचे बहुतेक लघुपट त्याच्या निम्म्यातच संपतात. प्रेक्षकानं बोलावं अशी फट मध्ये कुठे राहतच नाही. ती मुद्दाम करावी लागते.

अशी फट भारतीय सिनेमाच्या अगदी उगमाशी सापडते. 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा हवा होता. तोंडी आश्वासनावर कर्ज देणारा कुणी नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, एकाच जागेवरून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि अंकुराची वाढ डोळ्यांदेखत घडवणारी इवलीशी फिल्म तयार केली. निवडक लोकांना ती दाखवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यातून कर्जाची वाट मोकळी झाली. फाळक्यांची ही इवलीशी फिल्म प्रेक्षकाची परीक्षा घेण्यासाठीच बनली होती, हे लघुपटवाल्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पुढचा किस्सा जास्त कामाचा आहे. 'राजा हरिश्चंद्र'चा निमंत्रितांसाठीचा खेळ 21 एप्रिल 1913 रोजी ऑलिम्पिया थिएटरात झाला आणि 3 मेपासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. मुंबईत गर्दी लोटली. सुरतेत मात्र, असं सांगतात, पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपयांचा झाला. थिएटरवाल्याचं म्हणणं असं की इथल्या माणसाला कमी पैशांत पाच-सहा तासांचं नाटक बघायची सवय आहे. दीड तासासाठी तीन आणे तो कशाला मोजेल? फाळक्यांनी चित्रपटाला हात लावला नाही. जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि सगळं फक्त तीन आण्यांत, अशी नवी जाहिरात निघाली आणि गल्ला चढला. (चित्रपटाची लांबी 3700 फूट धरली तर ते पाऊण मैलसुद्धा भरत नाही, पण सुरतेत कुणी फूटपट्टी लावली नाही.) प्रेक्षकाची तक्रार खरी होती. ती चित्रपटाबद्दल नसून आमंत्रणाबद्दल होती, एवढं ओळखण्यात फाळक्यांची हुशारी. लघुपटाच्या बाबतीत असं वारंवार होतं. "काही झालंच नाही यात," असं म्हणणाऱ्या प्रेक्षकाला आधी "विनोदी आहे" म्हणून बसवलेलं असतं.

वऱ्हाडाला तर श्रोत्याला बोलतं करण्याची स्वतःची परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात उपदेश करण्याआधी प्रश्न विचारायचे. समोरचा जमाव उत्तर द्यायचा आणि त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न यायचा. जमाव कुठे हसतो, कुठे गप्प होतो, कुठे एका सुरात होकार देतो, यावर ते कीर्तन वळायचं. सिनेमाला ही सोय नाही. एकदा जुळवलेलं दृश्य प्रेक्षकाकडे बघून वळत नाही. पण ते कायमचं जुळवण्याआधी, कच्च्या संकलनाच्या अवस्थेत, दिग्दर्शकाला गाडगेबाबांसारखं समोर उभं राहता येतं. फक्त प्रश्न नीट हवेत.

आणि प्रश्नांच्याही आधी बघणं हवं. अमित मधेशिया या छायाचित्रकारानं महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजचे फोटो काढले तेव्हा कॅमेरा पडद्याकडे न ठेवता बसलेल्या लोकांकडे वळवला. त्या मालिकेला 2011 साली वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. पुढे शर्ली अब्राहम यांच्यासोबत त्यानं केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. कच्चा लघुपट दाखवणाऱ्यानं हाच पवित्रा घ्यावा. स्वतःचा लघुपट त्यानं शंभरदा पाहिलेला असतो, पुन्हा पाहून काय मिळणार? पडद्याकडे पाठ करून, बाजूला बसून त्यानं माणसं बघावीत. कितव्या मिनिटाला पहिला हात मोबाइलकडे गेला, कोण कुणाच्या कानाशी लागलं, हसू अपेक्षेच्या जागी आलं की भलतीकडे, याची वहीत वेळेसकट नोंद करावी. तोंड सभ्यता पाळतं. पाय, हात आणि जांभया पाळत नाहीत.

त्यानंतर बोलणं. इथे एक मोठा घोटाळा होतो. प्रेक्षकाला खटकलं हे जवळजवळ नेहमीच खरं असतं. पण काय खटकलं याबद्दलचं त्याचं निदान बरेचदा चुकतं आणि त्यानं सुचवलेला उपाय तर बहुधा टाकण्याजोगा असतो. 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांनी 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' या छोट्या पुस्तकात हे वैद्यकाच्या अंगानं सांगितलं आहे: कोपर दुखतं म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो, पण शीर दबलेली असते खांद्यात. कोपर कापून भागत नाही. शेवट पटला नाही असं सगळे म्हणतात तेव्हा दोष पुष्कळदा तिसऱ्या मिनिटाला असतो, जिथे सांगायची गोष्ट सांगायची राहून गेलेली असते.

समजा, शेलूबाजारातल्या त्या लघुपटात बाप मुलाच्या फीसाठी सोयाबीन विकतो. गोष्ट सोंगणीनंतरच्या आठवड्यात घडते. पण चित्रीकरण लांबलं आणि एका दृश्यात बापामागे उभ्या तुरीला वाळलेल्या शेंगा दिसतात. पुण्यातल्या परीक्षकाला हे कळणार नाही. गावातल्या शेतकऱ्याला कळतं, पण तो "तूर चुकली" असं म्हणेलच असं नाही. तो म्हणतो, "थो बाप काही पटला नाही बाप्पा." दिग्दर्शक नटाला दोष देतो, दृश्य पुन्हा करतो, बापाला जास्त रडवतो. रोग तसाच राहतो. ऑक्टोबरातलं सोयाबीन आणि जानेवारीतली तूर एका आठवड्यात दाखवल्यावर बघणाऱ्याचा विश्वास उडाला होता, तो बापाच्या अंगावर निघाला. "पटला नाही" ऐकल्यावर "म्हणजे कुठपर्यंत पटत होता?" असं विचारलं असतं, तर बोट बरोबर तुरीवर गेलं असतं.

म्हणून "कसा वाटला?" हा प्रश्न बादच करावा. त्याऐवजी "गोष्ट सांगा" म्हणावं. एका प्रेक्षकानं दुसऱ्या, न पाहिलेल्या माणसाला लघुपटाची गोष्ट सांगायची आणि दिग्दर्शकानं मध्ये न बोलता ऐकायची. जे सांगताना गळलं, ते पडद्यावर नव्हतंच असं समजायचं. जे दिग्दर्शकाच्या मनात कधी नव्हतं आणि तिघांनी सांगितलं, ते लघुपटात आहे. "तो पोट्टा मंग कुठी गेला?" हा एक प्रश्न दहा कौतुकांहून मोलाचा. आणि दिग्दर्शकानं खुलासा करायचा नाही, हे सगळ्यांत अवघड. "त्याचं असं आहे की..." हे शब्द तोंडातून निघाले की समोरचा माणूस समजूतदार होतो आणि त्याचा उपयोग तिथेच संपतो. शिवाय एक माणूस लघुपट पहिल्यांदा एकदाच बघू शकतो. सगळं गाव पहिल्याच कच्च्या खेळाला बोलावलं, तर दुरुस्तीनंतर दाखवायला कोरा डोळा उरत नाही.

कुणाला दाखवायचं, हाही नाजूक प्रश्न आहे. चौकात रात्री पडदा लावला की पुढे पोरं, मध्ये पुरुष, आणि बाया असल्याच तर मागे, अर्ध्या उभ्या. लघुपट घरातल्या बाईबद्दल असला तरी मतं देतात पुरुष. बचत गटाची बैठक असते तिथे, दुपारी, वेगळा खेळ लावला तर तोच लघुपट वेगळाच ठरण्याची शक्यता आहे. चुलीपुढची बाई भाकरी थापताना पीठ कुठे ठेवते, यावर तिथे आक्षेप येईल आणि तो रास्त असेल.

गावच्या माणसाला असल्या फिल्मा काय कळणार, हा वाद पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं छोटं गाव आहे. के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम संस्थेनं तिथे 1973 मध्ये चित्रसमाज ही फिल्म सोसायटी काढली आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्या लोकांना 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्हज' दाखवले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवणाऱ्या सतीश बहादूर यांचं त्या कामाला पाठबळ होतं. लोकांनी ते चित्रपट पाहिले आणि त्यांवर बोललेही. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून चाललं, पुण्यात दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांच्या आरभाट या संस्थेनं लघुपटांसाठी क्लब चालवला, तिथे दिग्दर्शक आणि प्रेक्षक समोरासमोर बसले. वऱ्हाडातल्या बाजारगावांना अशा बैठकीची सवय लागलेली नाही, आणि उणीव आहे ती तिथे, रसिकतेत नव्हे.

कॅनडातल्या फोगो बेटावर 1967 मध्ये माहितीपटकार कॉलिन लो यांनी आणखी एक पाऊल टाकलं. सरकार मच्छीमारांना बेटावरून हलवायच्या विचारात होतं. लो यांनी त्यांच्यावर सत्तावीस छोट्या फिल्म केल्या, पण ज्याचं चित्रण केलं त्याला आधी दाखवून, नको असेल ते काढायची मुभा देऊन. मग बेटावरच्या वस्त्यांनी एकमेकींच्या फिल्म पाहिल्या आणि त्या चर्चांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहायला मदत झाली. खऱ्या माणसाच्या कर्जावर, आत्महत्येवर, जातीवर लघुपट करणाऱ्या आपल्या पोरांनी ही मुभा ऐच्छिक मानू नये. पुरस्कार दिग्दर्शकाला मिळतो आणि टोमणे त्या घराला.

महोत्सवांबद्दल फार बोलायला नको. तिथे निवड होते किंवा होत नाही. का, ते बहुधा कळत नाही. लिंकवर दिसणारे प्रेक्षकसंख्येचे आकडेही तसेच मुके. दोन्ही हवेत, पण लघुपट पुरा झाल्यावर.

शेलूबाजारात, मंगरुळपिरात, कारंज्यात शाळेची खोली आहे, वाचनालय आहे, ग्रामपंचायतीचं सभागृह आहे. एक प्रोजेक्टर, एक बरा स्पीकर आणि खिडकीला जाड पडदा मिळाला तर महिन्यातून एक संध्याकाळ निघू शकते. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी ती काढावी. आणि वाचकहो, गावातलं एखादं पोरगं येत्या हिवाळ्यात लघुपट बघायला बोलावेल, तेव्हा जरूर जा. "मस्त हाये" म्हणून उठू नका. दहा मिनिटं थांबा आणि नेमक्या कुठल्या जागी तुमचा हात मोबाइलकडे गेला, तेवढं त्याला सांगून या.