ब्रह्मदेव समोर, मन पक्ष्यापाशी
आजचं चिंतन : वाल्मीकि रामायण, बालकांड, सर्ग 2



वाल्मीकी तमसेच्या काठी स्नानाला आलेत. सोबत शिष्य भरद्वाज. पाणी नितळ आहे, स्नान करून परतायचं, एवढंच काम. पण ऋषी लगेच पाण्यात उतरत नाहीत, रान बघत फिरतात. तिथे क्रौंचाची जोडी दिसते, निषाद नराला मारतो, मादी आक्रोश करते आणि शोकातून श्लोक फुटतो. इथवर आपल्याला शाळेतच सांगितलेलं असतं.

पुढचं सहसा कुणी सांगत नाही. आश्रमात परतल्यावर साक्षात ब्रह्मदेव भेटीला येतात. वाल्मीकी त्यांची पूजा करतात, आसन देतात. आणि ब्रह्मदेव समोर बसलेले असताना ऋषींचं मन कुठे? अजून त्या पक्ष्यापाशीच!

आपण तर जपालाही ॲपवर टार्गेट लावतो. एक दिवस चुकला, स्ट्रीक तुटली, की नामापेक्षा आकड्याचीच हळहळ जास्त. रविवारी तासभर आजीशेजारी नुसतं बसलो, तरी रात्री म्हणतो, "आज काहीच झालं नाही यार."

क्रौंच म्हणजे सारस, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरलाय, तोही मोजकाच. पावसाळ्यात तो कधी तळ्यात, तर कधी थेट धानाच्या बांधीत घरटं करतो. भोवतीचा धान उपटून ढीग रचतो. अंडी बहुधा दोन, आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. नुकसान ज्याची बांधी त्याचं. तरी घरट्याला हात न लावणारे शेतकरी इथे आहेत. तेवढ्या तुकड्यात धान पिकत नाही. हिशेबाच्या वहीत त्या जागेपुढे काय लिहायचं?

कुणी म्हणेल, वाल्मीकी रेंगाळले म्हणून तर रामायण झालं, म्हणजे थांबण्यातही फायदाच. मला हे वाचन पटत नाही. ते पक्षी बघत होते तेव्हा रामायण रचायला सांगणारं कुणी आलंच नव्हतं. ब्रह्मदेव नंतर आले. आले नसते, तरी त्या मादीचं रडणं त्यांना ऐकू आलंच होतं.

आज जपाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. किती झाला ते कळणार नाही. थोडं बेचैन व्हायला होईल. होऊ द्या.

उद्या सर्ग 3.