धक्क्याचा न्याय

जुलै २०१७. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. महिलांच्या ८०० मीटरमध्ये भारताची मदार टिंटू लुकावर होती आणि ती शर्यत अर्ध्यावर सोडून बाहेर पडली. तरीही पहिली आली ती भारतीय मुलगीच. महाराष्ट्राच्या अर्चना आढावनं २ मिनिटं ५ सेकंदांत रेषा ओलांडली. आनंद फार टिकला नाही. शेवटच्या काही मीटरांत अर्चनानं आमच्या निमाली लियानाराच्चीला ढकललं, असा आक्षेप श्रीलंकेच्या पथकानं घेतला. तो मान्य झाला, अर्चना अपात्र ठरली, सुवर्णपदक निमालीला गेलं. भारतानं मागितलेली दाद फेटाळली गेली.

दोन वर्षांनी दोह्यात जागतिक स्पर्धा होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत धावत होता. इथिओपियाच्या टकेले निगातेच्या पडझडीमुळे त्याची वाट अडली, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. एवढं होऊनही त्यानं ८ मिनिटं २५.२३ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम केला. पण सातवा आल्यामुळे अंतिम फेरी हुकली. भारतीय पथकानं दाद मागितली. चित्रफीत पाहून पंचांनी त्याला सोळावा धावपटू म्हणून अंतिम फेरीत घेतलं. तिथं त्यानं ८ मिनिटं २१.३७ सेकंदांत शर्यत पूर्ण केली, तेरावा आला, तीन दिवसांत दुसऱ्यांदा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली.

दोन्ही निकाल धावपटूला ढकलण्या-अडवण्याबाबतच्या एकाच नियमातून आले. तेव्हा तो १६३.२ या क्रमांकानं ओळखला जाई. आज क्रमांक बदलला आहे, आशय तोच आहे. एका मराठी मुलीचं पदक त्यानं काढून घेतलं आणि एका मराठी मुलाला अंतिम फेरीचं दार उघडून दिलं. आपल्याकडे पहिल्या निकालानं हळहळलेली माणसं दुसऱ्या निकालानं सुखावली, हे स्वाभाविक आहे. पण या नियमाच्या दोन बाजू आहेत आणि त्यांतली एक आपण नेहमी विसरतो. धक्का देणाऱ्याला शिक्षा करणं ही एक बाजू. ज्याला धक्का बसला त्याचं जे गेलं ते परत देणं ही दुसरी. माझ्या मते दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे आणि ती फारच अवघड आहे.

मुळात या शर्यतींत अंगाला अंग लागणारच. १०० मीटरमध्ये प्रत्येकाला १.२२ मीटर रुंदीची स्वतःची लेन असते. ८०० मीटरमध्ये ती फक्त पहिल्या वळणापुरती. वळण संपलं की ट्रॅकवर आखलेली ब्रेक लाइन येते आणि आठही जण आतल्या कडेकडे झुकतात. १५०० मीटरमध्ये तर पहिल्या पावलापासूनच सगळे एकत्र. आत शिरण्याची ही धडपड उगाच नसते. एक पूर्ण फेरी दुसऱ्या लेनमधून धावलं, तर सात मीटरांहून जास्त अंतर फुकट कापावं लागतं, आणि पदकं त्याहून कितीतरी कमी अंतरानं ठरतात. म्हणून सगळे एका अरुंद पट्ट्यात दाटीवाटीनं धावतात. सेकंदाला तीन-तीन पावलं पडत असतात, पुढच्याची टाच मागे उचलली जाताना जवळपास कमरेपर्यंत येते, बुटांना खिळे असतात, कोपरं बाहेर आलेली असतात. नियमालाही हे ठाऊक आहे. नुसता स्पर्श हा गुन्हा नाही. त्या स्पर्शातून गैरफायदा मिळाला किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं, तरच प्रश्न येतो. आणि धावपटूच्या मनात काय होतं हे शोधत बसण्यापेक्षा, या अडथळ्याला जबाबदार कोण, हे पंचानं ठरवायचं असतं.

लोक मात्र आधी मनाचाच निवाडा करतात. लॉस एंजेलिसला १९८४ मध्ये महिलांची ३००० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली. अमेरिकेची मेरी डेकर जगज्जेती होती आणि प्रेक्षक तिचे होते. झोला बड अठरा वर्षांची, अनवाणी धावणारी. तिचा जन्म दक्षिण आफ्रिकेचा. वर्णभेदामुळे तो देश ऑलिंपिकबाहेर होता, म्हणून त्याच वर्षी घाईघाईनं ब्रिटिश नागरिकत्व मिळवून ती तिथं आली होती. त्या नागरिकत्वावरून आधीच वादळ उठलेलं. निम्मी शर्यत झाल्यावर बड किंचित पुढे सरकली आणि दोघींचे पाय एकमेकींना लागले. दोघी सावरल्या. पाच-सहा पावलांनी पुन्हा लागले. बडच्या अनवाणी पायाला डेकरच्या खिळ्यांनी जखम झाली, आणि डेकर बडच्या पाठीवरचा क्रमांक फाडत आतल्या हिरवळीवर कोसळली. कमरेच्या दुखापतीमुळे तिला उठता आलं नाही. प्रेक्षक बडची हुर्यो उडवू लागले. ती धावत राहिली आणि सातवी आली. जिंकली रुमानियाची मारिचिका पुइका.

बडला आधी अपात्र ठरवलं गेलं. मग चित्रफीत पाहून तो निर्णय मागे घेतला गेला. शर्यतीनंतर बड माफी मागायला गेली, तर डेकरनं तिला झिडकारलं. बऱ्याच वर्षांनी डेकरनं मान्य केलं की, घोळक्यात धावण्याची सवय नसल्यामुळे आपण पडलो. मला हा कबुलीजबाब फार मोलाचा वाटतो. बहुतेक शर्यती ती सुरुवातीपासून पुढे राहून, एकटीच्या बळावर जिंकत असे. दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, पावलाचा ताल न मोडता धावणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं.

आता त्या अवघड बाजूकडे येतो. बर्लिनच्या २००९ च्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या १५०० मीटर अंतिम शर्यतीत स्पेनच्या नतालिया रॉड्रिगेझनं शेवटच्या फेरीत आतून घुसताना इथिओपियाच्या गेलेते बुर्काला पाडलं. रॉड्रिगेझ पहिली आली आणि अपात्र ठरली. निर्णय योग्यच होता. पण सुवर्णपदक गेलं बहारीनच्या मरियम युसूफ जमालकडे. जिला पाडलं त्या बुर्काच्या हाती काहीच आलं नाही. भुवनेश्वरला निमालीचं नुकसान भरून निघालं, कारण ती पडली नव्हती, दुसरी आली होती. जी पडते, तिला अंतिम फेरीत देण्यासारखं पंचांकडे जवळजवळ काही उरत नाही.

शर्यत पुन्हा घ्यायची सोय नियमात आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती वापरली गेली. तिथं ४०० मीटरची अंतिम शर्यतही लेनशिवाय होती. अमेरिकेच्या जॉन कार्पेंटरनं ब्रिटनच्या विंडहॅम हॅल्सवेलला अडवलं, असं पंचांनी ठरवलं, कार्पेंटरला बाद केलं आणि फेरशर्यतीचा हुकूम दिला. बाकीचे दोन अमेरिकी धावपटू निषेध म्हणून आलेच नाहीत. हॅल्सवेल रिकाम्या ट्रॅकवर एकटा धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. दमलेल्या माणसांना पुन्हा उभं करून मूळची शर्यत परत मिळत नाही, म्हणून हा उपाय आज क्वचितच कोणी सुचवतं.

प्राथमिक फेरीत मात्र न्याय शक्य असतो, आणि तो दिला गेला पाहिजे. १९७२ च्या म्युनिकमध्ये अमेरिकेचा जिम रायन १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत घानाच्या बिली फोर्डजोरशी टक्कर होऊन पडला. त्याला पुढच्या फेरीत घ्यावं ही अमेरिकेची विनंती नाकारली गेली आणि त्याची ऑलिंपिक कारकीर्द तिथंच संपली. रायनला जे मिळालं नाही ते साबळेला मिळालं. या खेळानं मधल्या काळात केलेली ही खरी प्रगती आहे, असं मी मानतो.

पण तीही ज्याला दाद मागता येते त्याच्याचसाठी आहे. निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत आक्षेप नोंदवावा लागतो. दोह्यात साबळेच्या मागे नियम जाणणारं पथक होतं आणि हर कोनातून टिपलेली चित्रफीत होती. आपल्या तालुका-जिल्हा स्पर्धांत चुन्यानं आखलेल्या मैदानावर पंधरा वर्षांची मुलगी ब्रेक लाइनजवळ पडते, तेव्हा यातलं काय असतं? गुडघा धुऊन तिला घरी पाठवलं जातं.

म्हणून जिल्हा संघटनांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सरावात मुलांना घड्याळाशी एकटंच पळवू नका. आठ-दहा जणांना दोन लेनच्या रुंदीत धावायला लावा, आत कधी शिरायचं आणि कधी थांबायचं हे शिकवा. स्पर्धेत ब्रेक लाइनजवळ आणि शेवटच्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन एकेक पंच उभा करा, एका फोनवर शर्यतीचं चित्रण करा. आक्षेप घेता येतो आणि तो किती वेळात घ्यायचा, हे शर्यतीआधी ध्वनिक्षेपकावरून सांगा. आणि पडलेल्या मुलाला, दुखापत मोठी नसेल तर, उठून शर्यत पूर्ण करायला शिकवा. कारण जो प्रामाणिकपणे शर्यत पूर्ण करत नाही, त्याला पुढच्या फेरीत घेण्याचा विचार पंच सहसा करत नाहीत.