एका चौकटीतले पाच

एका फोटोत शेजारी दिसणारे खरंच एकमेकांचे असतात का? प्रश्न घरगुती वाटतो, पण खगोलशास्त्रालाही तो सोडवावा लागला आहे.

१८७७ साली एदुआर स्तेफान या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला महाश्व तारकासमूहात पाच दीर्घिका एकमेकींना खेटून दिसल्या. हेच 'स्तेफानचं पंचक'. दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-नऊला ते परभणीच्या जवळजवळ डोक्यावर असतं. अमावास्येमुळे चंद्रही आड येत नाही. जिंतूरकडच्या माळावर दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, ढीगभर फोटो सॉफ्टवेअरने एकावर एक रचायचे, की धूसर ठिपके उमटतात. त्याच दिवसांत पुण्या-मुंबईहून सगळे गावी येतात, अंगणात एक फोटो निघतो, ग्रुपवर पडतो. झालं कुटुंब!

१९६१ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज यांनी पंचकातल्या एनजीसी ७३२० या दीर्घिकेची ताम्रसृती मोजली. ती इतरांपेक्षा फारच कमी निघाली. आज आपण मानतो की ही दीर्घिका सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि बाकीच्या चार सुमारे २९ कोटींवर. ती फक्त वाटेत उभी आहे.

हॉल्टन आर्प यांना हे पटलं नाही. ताम्रसृती म्हणजे दर वेळी अंतरच, असं कशावरून? आपल्या जयंत नारळीकरांनीही हा प्रश्न गंभीरपणे घेतला. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत झाले नाहीत. पुढे हबल दुर्बिणीला एनजीसी ७३२०मधले तारे सुटे दिसले. ती जवळ असल्याशिवाय हे शक्य नव्हतं.

पण मला त्या वादापेक्षा दुसरी खूण महत्त्वाची वाटते. खऱ्या गटातल्या दीर्घिकांनी एकमेकींना ओढून विस्कटलंय. ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघाल्यात, वायूत धक्कालाट उठलीय. २०२२ च्या जेम्स वेबच्या फोटोत हे स्पष्ट दिसतं. एनजीसी ७३२० मात्र नीटनेटकी आहे. तिच्यावर कुणाचाच ओढा नाही.

म्हणजे नातं जवळ दिसण्यात नसतं, दुसऱ्यामुळे आपला आकार बदलण्यात असतं. यावर कुणी म्हणेल, विस्कटणं म्हणजे प्रेम का? नाही. दीर्घिकांचा ओढा आंधळा असतो, तिथे निवड नसते. आपल्याला ती असते. म्हणून तर हा प्रश्न नैतिक होतो. गावाकडे सोयाबीन पाण्यात गेलं, त्या महिन्यात आपल्या पुण्यातल्या हिशेबात काय हललं? काहीच हललं नसेल, तर आपण फोटोत आहोत, गटात नाही.

एनजीसी ७३२० चा यात दोष नाही. आपण कुटुंबातले आहोत, असा दावा तिने कधी केला नव्हता. आपण करतो.