कोऱ्या कागदावरील लेख

वाचावयाचा भाग : लूक १२:१-५, १ करिंथ ३:१३

झाकलेले सर्व एके दिवशी उघड होईल, असे प्रभूने आपल्या शिष्यांस बजावून सांगितले. हे वचन आपणांस बहुधा धाकाचे वाटते. भावाच्या हिश्श्याचा कागद ज्याने पेटीत दडविला आहे, त्याला ते तसे वाटावेच. परंतु त्याच अध्यायात प्रभू ढोंगी परूश्यांविषयी बोलतो, आणि जे शरीराचा घात करितात त्यांस भिऊ नका, असा धीरही देतो. म्हणून एकाच वचनात एकाला धाक आहे व दुसऱ्याला आधार आहे.

ही गोष्ट मुलांना घरी दाखविता येते. लिंबाचा रस वाटीत पिळून त्यात चार थेंब पाणी घालावे आणि स्वच्छ बोरूने पांढऱ्या कागदावर लिहावे. वाळल्यावर कागद कोराच दिसतो. मग वडील माणसाने तो दिव्याच्या उबेवर, ज्योत लागणार नाही असा धरावा. रस लागलेला भाग बाकीच्या कागदाआधी करपतो व तपकिरी अक्षरे उमटतात. भाताच्या पेजेने लिहिले तर जखमेवर लावावयाचे आयोडीन पाण्यात मिसळून फासावे. अक्षरे निळी होतात. विस्तव स्वतः काही लिहीत नाही. जे लिहिले होते तेच तो दाखवितो. पौलानेही प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल असे लिहिले आहे.

सन १५९७ मध्ये लंडनच्या बुरुजात जॉन जेरार्ड नावाचा येशूसंघी धर्मगुरू कैदेत होता. आपल्या वरिष्ठाचा ठावठिकाणा त्याने सांगावा म्हणून त्याला मनगटांनी टांगून यातना दिल्या गेल्या. त्याने सांगितले नाही. हात इतके निकामी झाले की कित्येक दिवस त्याला स्वतःच्या हाताने जेवता येईना. पुढे त्याने पहारेकऱ्याकडून संत्री मागविली, सालींचे लहान क्रूस केले आणि रस राखून ठेविला. वरून कोळशाने साधा मजकूर व मोकळ्या जागी रसाने खरा मजकूर, अशी पत्रे तो मित्रांस पाठवी. लिंबू सोडून संत्रे का, हेही त्याने लिहून ठेविले आहे : लिंबाची अक्षरे पाण्यानेही दिसतात व वाळल्यावर पुनः लपतात, संत्र्याची केवळ उष्णतेने दिसतात आणि एकदा दिसली की तशीच राहतात. त्यामुळे पत्र वाटेत कोणी वाचले की नाही, हे घेणाऱ्यास कळे.

आता जे ऐकावयाचे ते आपणांस जड जाईल. त्याला टांगणारे विधर्मी नव्हते. ते राणी एलिझाबेथचे, प्रॉटेस्टंट राज्याचे अधिकारी होते. त्या राणीच्या आधी मेरी राणीच्या राज्यात आमच्या पंथाचे लोक जाळले गेले, हे आपण शब्बाथशाळेत आवडीने शिकवितो. हे दुसरे पान मात्र आपण कोरे ठेवितो. शेजारच्या गावातील रोमन कॅथलिक बंधूला ते पान ठाऊक असते. उपदेशकांनो, त्याच्याशी वाद घालावयास जाण्यापूर्वी हे पान आपल्या मंडळीत एकदा मोठ्याने वाचा. वाचताना कोणी उठून गेला तर जाऊ द्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जेरार्ड दोरावरून खंदक ओलांडून निसटला. त्याचे हात तेव्हाही अशक्तच होते. आपल्या पळण्यामुळे पहारेकऱ्यावर संकट येईल हे जाणून त्याने त्याच्या आश्रयाची व निर्वाहाची तजवीज केली.