आजी कुठे बसणार?



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण नवी मोटारसायकल घेऊन चर्चच्या आवारात आला. "फादर, गाडीला आशीर्वाद द्या." गाडी देखणी होती, चारशे सीसीच्या आसपासची. पवित्र पाणी शिंपडून झाले तरी तो घुटमळत उभा राहिला. मग म्हणाला, "फादर, हिच्या बदल्यात पप्पांची जुनी स्प्लेंडर शोरूमला देऊन टाकली. तेव्हापासून उगाच चोरट्यासारखे वाटते. पण लोखंडाशी कसली आली बेइमानी?" त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

ती स्प्लेंडर २००६ सालची. टाकीवर 'हिरो होंडा' असे जोडनाव होते. त्या दोन कंपन्यांनी २०१० साली वेगळे व्हायचे ठरवले, गाडी मात्र चालतच राहिली. १५ वर्षांनी तिची नोंदणीही नव्याने करून घेतली होती. तिच्या टाकीवर बसून हा मुलगा बालवाडीत गेला, तिच्याच मागे बांधून भाजीच्या पाट्या बाजारात गेल्या आणि दर रविवारी आजी एका बाजूला पाय सोडून तिच्यावरच मिस्सेला आली.

आता प्रश्न असा, की वस्तूचे आपण काही देणे लागतो का? ॲरिस्टॉटल म्हणतो, निर्जीव वस्तूशी मैत्री होत नाही. मैत्रीत दोघांनी एकमेकांचे भले चिंतावे लागते. द्राक्षारसाचे भले कोणी चिंतीत नाही. तो टिकावा असे वाटते ते आपल्याला प्यायला मिळावा म्हणून! या हिशेबाने आपल्या तरुणाने कोणाचाही विश्वासघात केलेला नाही. स्वतःच्या कमाईतून हौस भागवली, यातही काही गैर नाही.

मग मनाला टोचणी कशाची?

आपण 'भरवशाची गाडी' म्हणतो, तेव्हा अर्धा भरवसा गाडीत असतो आणि अर्धा आपल्या हातांत. कोणत्या वळणावर ब्रेक किती दाबायचा, पावसात वेग कुठे आवरायचा, हे वर्षानुवर्षे चालवून अंगवळणी पडलेले असते. सद्गुणाचेही तसेच आहे, असे ॲरिस्टॉटलनेच शिकवले. तो करून करून अंगी येतो. जुन्या गाडीची ताकद होती साधारण ८ अश्वशक्ती, नवीची ४० च्या वर. पाचपट ताकद एका सहीने मिळाली. पाचपट संयम कोणत्या शोरूममध्ये मिळतो? वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर नेला की गाडीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला अंतरही जवळजवळ चौपट लागते. नव्या गाडीचा भरवसा अजून कमवायचा आहे आणि तो चालवणाऱ्यानेच कमवायचा आहे.

दुसरी गोष्ट संत ऑगस्टीनकडून शिकावी. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात आणि काहींमध्ये मन विसावते. या दोहोंची अदलाबदल झाली की माणूस वाट चुकतो. जुन्या स्प्लेंडरचे कोणी फोटो काढले नाहीत. ती वापरली गेली, आणि वापरली गेली ती माणसांसाठी. म्हणून तिची आठवण ही खरे तर त्या माणसांची आठवण आहे. देणे लोखंडाचे नाही. त्या लोखंडाने ज्यांना जोडून ठेवले, त्यांचे आहे. ती टोचणी म्हणजे कृतज्ञताच होती, बेइमानी नव्हे.

हे सर्व मला नंतर सुचले. त्या दिवशी मी फक्त गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिले. ती उंच होती आणि जेमतेम वीतभर. मी विचारले, "बाळा, आजी कुठे बसणार?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "आज ती आलीच नाही, फादर."

जुनी वस्तू बदलायला नेली की दुकानदार तिची किंमत कागदावर लिहून देतो. त्या वस्तूवर कोण कोण विसंबून होते, हे त्या कागदावर नसते. ते आपणच घरी बसून लिहायचे असते, आणि सही करण्याआधी.

गेल्या रविवारी आजी रिक्षाने मिस्सेला आली. नातू तिच्या शेजारी बसला होता. नवी गाडी घरी होती.

आपला,
प्रमुख धर्मगुरू